भूलवाले सर आणि माझी आई

भूलवाले सर पेशंटला कधीच ‘घाबरू नका’ म्हणायचे नाहीत. खाटेजवळ आपलं घडीचं लाकडी स्टूल उघडायचे, त्यावर बसायचे आणि पेशंटच्या कानाशी तोंड नेऊन आपलं पूर्ण नाव सांगायचे. नाव, वडिलांचं नाव, मोहल्ला. मग म्हणायचे, “घाबरायचं तर घाबरा. मी उठणार नाही.”

ते नाव मी इथं लिहीत नाही. त्यांना आवडणार नाही. आमच्या फार्मसी कॉलेजात आणि शहरातल्या निम्म्या दवाखान्यांत त्यांना सगळे भूलवाले सरच म्हणत. ऑपरेशनच्या वेळी भूल देणारे डॉक्टर. आयुष्य सरकारी दवाखान्यात गेलं, निवृत्तीनंतर खासगी दवाखान्यांतून बोलावणं येई तिकडं जात, आणि दर गुरुवारी आमच्या कॉलेजात एक तास घेत. त्या तासाचे पैसे घेत नसत असं ऐकलं होतं. खरं-खोटं मला माहीत नाही.

सर लूनावर फिरत. लूनाच्या मागे ते स्टूल सुतळीनं बांधलेलं असायचं. डोक्यावर हेल्मेट, आणि ते दवाखान्यात शिरल्यावरही उतरत नसे. कॉरिडॉरमधून हेल्मेट घालूनच चालत, थेट पेशंटच्या खाटेपाशी गेल्यावर काढत. एक नर्स त्यांना चिडवायची, “सर, इथं कुणी चलान फाडत नाय.” सर गंभीरपणे म्हणायचे, “वाटेत कुठं काढलं तर तिथंच विसरतो बेटा. तीन गेली.”

स्टूल का, तर दवाखान्यातल्या खुर्च्या उंच असतात. खुर्चीवर बसलेल्या डॉक्टरचा चेहरा झोपलेल्या माणसाला खालून दिसतो, नाकपुड्यांसकट. “आधीच बिचारा घाबरलेला, त्यात हे बघायचं,” असं ते म्हणायचे. वर्ग हसायचा. मी हसत नसे, वहीत लिहून घ्यायचे. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिलीच. सर बोलतात त्यातलं परीक्षेला काय येईल आणि काय येणार नाही, हे मला कळायचं नाही, म्हणून मी सगळंच लिहायचे.

त्यांच्या पहिल्या तासाला त्यांनी फळ्यावर काही लिहिलं नाही. आम्हाला दोघादोघांनी समोरासमोर बसवलं, एकमेकांची नाडी धरायला लावली आणि चाळीस मिनिटं गप्प राहायला सांगितलं. सुरुवातीला खिदळणं झालं. मग कंटाळा. एक मुलगा चक्क घोरायला लागला. मी जिची नाडी धरली होती, तिचा मोबाइल बॅगेत थरथरला आणि तिचा चेहरा जरासुद्धा हलला नाही, पण माझ्या बोटांखाली नाडी पळायला लागली. मी दचकून सरांकडं पाहिलं. ते माझ्याकडंच बघत होते. तास संपल्यावर म्हणाले, “सुई टोचणं मी तुम्हाला दहा मिनिटांत शिकवीन. बसणं शिकायला मला वीस वर्षं लागली.”

हे वाक्य आम्ही पुढं एकमेकांना ऐकवायचो. हे वाक्य पुढं काय करणार आहे, हे तेव्हा मलाही माहीत नव्हतं आणि त्यांनाही.

दुसरं त्यांचं नेहमीचं वाक्य म्हणजे “मालूम नै.” एखादं औषध मेंदूत नेमकं काय करतं असं कुणी विचारलं, की पुस्तकातलं सगळं सांगून झाल्यावर ते थांबायचे. “हे पुस्तकात आहे. पण नेमकं का, ते मला मालूम नै. तुम्हाला कुणी विचारलं तर तुम्हीही मालूम नै म्हणा. लाजायचं नाही.” माझ्यासारख्या मुलीला, जिला ‘माहीत नाही’ म्हणायची भयंकर लाज वाटायची, हे ऐकून काय वाटलं ते नीट सांगता येत नाही. इतका मोठा माणूस वर्गासमोर उभा राहून सांगतो की मला माहीत नाही.

केटामाइन ह्या औषधाबद्दल ते असंच बोलले. हे जुनं भुलीचं औषध. ह्यानं माणूस झोपत नाही, तर सुटतो. डोळे उघडे असतात पण तो तिथं नसतो. आपलं शरीर आपलं वाटत नाही, खोली खोली वाटत नाही. सर तरुण असताना, आधीच्या एका मोठ्या दुष्काळात, खेडोपाडी ऑपरेशनची शिबिरं भरायची. शाळेच्या बाकांवर बायका झोपवायच्या, मशीन नाही, ऑक्सिजन नाही, हेच औषध. फर्दापूरकडच्या एका गावात त्यांनी एका बाईला भूल दिली, ऑपरेशन झालं, आणि ते पुढच्या बाईकडं वळले. पहिली अर्धवट शुद्धीत उठून शाळेबाहेर चालत गेली. दोन तासांनी ती कोरड्या नदीपात्रात बसलेली सापडली. ती वाळू उकरत होती आणि स्वतःचं नाव तिला सांगता येत नव्हतं. पुढं ती ठीक झाली, पण सर नाही. तेव्हापासून ते स्टूल घेऊन फिरायचे.

त्याच गावात, आठवड्यानं टाके काढायला आलेली दुसरी एक बाई त्यांना म्हणाली होती की साहेब, तुमची सुई दिल्यापासून छातीवरचा धोंडा उतरलाय, तीन वर्षांनी मला कुणाशी बोलावं वाटलं. सरांनी तेव्हा हसून सोडून दिलं. पुढं कित्येक वर्षांनी मोठमोठे डॉक्टर म्हणायला लागले की ज्यांचं नैराश्य कुठल्याच गोळीनं हलत नाही, त्यांच्यातल्या काहींना हे औषध अगदी थोड्या प्रमाणात दिलं तर काही तासांत फरक पडतो. तेव्हा सरांना ती बाई आठवली. “दोघी एका गावच्या, एका दिवशीच्या, एका बाटलीतल्या,” ते म्हणाले. “एकीला हरवलं, एकीला सापडवलं.”

मग पुढच्या गुरुवारी त्यांनी वर्गात एक तरुण आणला. आमच्यापेक्षा दोन-चार वर्षांनी मोठा असेल. दाराजवळच्या बाकावर बसला. तासाभरात तो पाच वेळा उठून बाहेर गेला. शेवटी सरांनी त्यालाच बोलायला सांगितलं. तो पार्ट्यांमध्ये हे औषध घ्यायला शिकला होता, मग रोज घ्यायला लागला, आणि त्याची लघवीची पिशवी आतून सोलून निघाली होती. “बसमध्ये बसता येत नाही मला,” तो म्हणाला, “बाकी काही नाही.” मग ओशाळून हसला आणि सहाव्यांदा बाहेर गेला. सर त्याच्यामागं गेले. त्या दिवशीचा तास तिथंच संपला.

हे सगळं मी वहीत लिहिलं होतं. म्हणजे मला माहीत नव्हतं असं मी म्हणू शकत नाही.

आता आईबद्दल लिहायला हवं. आम्ही पिशोरकडचे, मेंढरांमागं फिरणारे. आईला कळपातली सगळी मेंढरं आवाजावरून ओळखू यायची. अंधारात नुसती खोकली तरी कोणती ते सांगायची. लागोपाठ दोन वर्षं पाऊस गेला, चारा-पाणी संपलं, आणि अप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, कळप विकला. आम्ही शहरात आलो, पडेगावच्या पुढं नवीन प्लॉट पडत होते तिथं पत्र्याच्या दोन खोल्या घेतल्या. अप्पा बांधकामावर वॉचमन झाले. आई सुरुवातीला विटा वाहायला गेली, मग जायची बंद झाली. मग बोलायची बंद झाली. भिंतीकडं तोंड करून पडून असायची. एकदा तिनं जे केलं ते मी लिहिणार नाही. शेजारच्या बाईनं वेळेवर दार ढकललं म्हणून आई राहिली.

जालना रोडच्या आतल्या गल्लीत मानसोपचाराचा एक छोटा दवाखाना होता. तिथल्या मॅडमनी आईवर वर्षभर उपचार केले. एक गोळी झाली, दुसरी झाली, दोन्ही मिळून झाल्या. आई उठली नाही. मग मॅडमनी अप्पांना आणि मला बसवून हे औषध समजावलं, सहीसाठी कागद पुढं केला आणि म्हणाल्या की देणारे डॉक्टर फार अनुभवी आहेत, थोडे विचित्र आहेत, पण तुम्ही घाबरू नका. दार उघडलं आणि हेल्मेट घातलेले सर आत आले.

त्यांनी मला ओळखलं. पण आधी अप्पांना विचारलं, तुमच्या भागात पाणी कधी येतं? अप्पा गोंधळले. पण सर प्रत्येकाला हे विचारत, आणि दवाखान्याच्या गल्लीत टँकर कधी येतो हेही त्यांना तोंडपाठ असे. त्या वर्षी शहरात आठवड्यानं पाणी. टँकर आला की हॉर्न, हंडे, भांडणं. ह्या औषधात असलेल्या माणसाला साधा आवाजही डोंगर कोसळल्यासारखा वाटतो, म्हणून टँकरच्या दिवशी सर हे औषध देत नसत. मॅडम हसून म्हणायच्या, आमची अपॉइंटमेंटची वही महानगरपालिका चालवते.

पहिल्या वेळी मी कोपऱ्यात उभी होते. सरांनी आईच्या कानात नाव, वडील, मोहल्ला सांगितलं. सलाइनमधून औषध हळूहळू सुरू झालं. एक हात आईच्या मनगटावर, नजर तिच्या चेहऱ्यावर. थोड्या वेळानं आईचे डोळे छताला लागले, मग छताच्याही पलीकडं. आणि तिनं जिभेनं टाळूवर आवाज काढला. मेंढरांना बोलवायचा आवाज. दीड वर्षात मी तो ऐकला नव्हता. नर्स तिला गप्प करायला पुढं झाली. सरांनी हात वर केला. “बोलवू दे. पांगली असतील.”

चाळीस मिनिटं तो माणूस हलला नाही. माशी नाकावर बसली तरी नाही.

औषध उतरल्यावर, आईला नीट भान आल्यावर, त्यांनी तिला एकच प्रश्न विचारला. तो ते प्रत्येकाला विचारत, आणि उत्तर आल्याशिवाय स्टूल घडी करत नसत. “ताई, तिकडं बरं होतं, का इकडं आल्यावर बरं वाटतंय?”

आईनं खूप वेळ घेतला. म्हणाली, “तिकडं काय, नुसतं पांढरं. इथं भूक लागलीय.”

दुसऱ्या दिवशी मी उठले तर आई अंगण झाडत होती. माझ्याकडं बघून म्हणाली, “येणी कुणी घातली ग तुझी? गाढवाच्या शेपटावानी.” मी मोरीत जाऊन रडले. इतक्या महिन्यांत मी स्वतःच घालत होते ती वेणी, आणि खरंच वाकडी होती.

पण सहाव्या दिवशी आई परत भिंतीकडं वळली. मॅडमनी हे आधीच सांगितलं होतं. असर टिकत नाही, पुन्हा द्यावं लागतं, सोबत गोळ्या चालू ठेवायच्या, हळूहळू अंतर वाढतं, काहींचं वाढत नाही. दुसऱ्यांदा दिलं, आठ दिवस टिकलं. तिसऱ्यांदाही तेवढंच. चौथ्या वेळी तपासलं तर आईचं ब्लडप्रेशर वाढलेलं निघालं. हे औषध प्रेशर आणखी वर नेतं. मॅडम म्हणाल्या, आधी ते खाली आणू, दोन आठवडे थांबा. सरांनी हेल्मेट काढलंच नव्हतं, तसेच परत गेले.

ते दोन आठवडे मला आजही नीट आठवत नाहीत. शेवटी तर आईनं पाणीसुद्धा सोडलं. अप्पा कामावर गेले की मी तिच्याजवळ बसायचे आणि मी बाथरूमला गेले तरी दार उघडं ठेवायचे. दहाव्या दिवशी अप्पा गावाकडं जाऊन आले. खिशातून रुमालात गुंडाळलेली छोटी बाटली काढली. जनावरांच्या दवाखान्यातल्या कुणा ओळखीच्या माणसानं दिली होती. जनावराला टाके घालताना हेच देतात, असं तो म्हणाला होता.

“वाच,” अप्पा म्हणाले. “तेच हाय का बघ. तू शिकलीस.”

मी वाचलं. नाव तेच होतं. मी पुन्हा वाचलं, खिडकीजवळ नेऊन. मग म्हणाले, “व्हय. तेच हाय.”

मेंढपाळाला सुई नवी नसते. अप्पांनी हजार मेंढरांना सुया दिल्या असतील. मी स्वतः दहा वर्षांची असल्यापासून पाय धरून बसायचे, बाराव्या वर्षी स्वतः टोचायला लागले. आमच्याकडं कुणी जनावर आजारी पडलं तर डॉक्टरची वाट बघत नाही. “माझ्या हातानं एक तरी मेंढरू मेलंय का?” अप्पा म्हणाले. मेलं नव्हतं. आणि माझ्या मनात सरांचं ते वाक्य आलं, की सुई टोचणं दहा मिनिटांचं काम. ते बसण्याचं म्हणाल तर मीच बसणार होते. चाळीस मिनिटं बसायला मी शिकले होते. मला असं खरंच वाटलं.

प्रेशरचं मी अप्पांना सांगितलं नाही. विसरले असं नाही. आई दोन दिवस जेवली नाही तर प्रेशर काय राहणार, असं मी स्वतःला समजावलं.

दुपारी बाराच्या सुमाराला अप्पांनी मांडीत सुई दिली. मी नाडी धरली. दवाखान्यात हळूहळू यायचं ते इथं एकदम आलं. आईचे डोळे इकडून तिकडं हलायला लागले. आणि तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी टँकरचा हॉर्न वाजला. तो दिवस टँकरचा नव्हता. तीन दिवस उशिरानं आलेला टँकर, त्यामुळं बायका धावल्या. पत्र्याच्या भिंतीला लागूनच हंडे आपटत होते, कुणी तरी कुणाचा नंबर मागं ढकलत होतं, पाइप ओढल्याचा आवाज. आईचं तोंड उघडलं. त्यातून आवाज आला नाही. मी माणसाच्या चेहऱ्यावर इतकी भीती त्याआधी आणि त्यानंतर कधी पाहिलेली नाही. तिची नाडी माझ्या बोटांतून निसटत होती. ती उठायला बघत होती, अंग उठत नव्हतं, आणि मग तिला उलटी झाली.

मी सरांना फोन लावला. मी काय बोलले ते आठवत नाही. ते काय म्हणाले ते शब्दन्‌शब्द आठवतं. “कुशीवर कर. तोंड साफ कर. हात सोडू नको. रुग्णवाहिका मी सांगतो, आणि मी येतो.”

सर रुग्णवाहिकेच्या आधी आले. लूना गल्लीच्या तोंडाशी टाकून पळत आले असावेत, धाप लागली होती. त्यांनी आईचं तोंड, श्वास, नाडी पाहिली, प्रेशरचा पट्टा बांधला, आकडा बघितला आणि मला म्हणाले, “हात धरून ठेव, एक मिनिट.” आणि बाहेर गेले.

मी दारातून पाहिलं. हेल्मेट घातलेला म्हातारा माणूस पन्नास-साठ बायकांच्या मधे जाऊन उभा राहिला. ते ओरडले नाहीत. ते काय बोलतात ऐकायला बायकांनाच गप्प व्हावं लागलं. ते म्हणाले, “आत तुमच्यातली एक बाई आहे. तिला आत्ता प्रत्येक आवाज अंगावर येतोय. पाणी भरा, सगळं भरा. भांडी वाजवू नका.”

एवढंच. मला वाटलं कुणी तरी भांडेल. आमच्या गल्लीत हंडाभर पाण्यावरून डोकी फुटली होती. पण ड्रायव्हरनं इंजिन बंद केलं. ज्या बाईचा नंबर होता तिनं पाइपचं तोंड हंड्याच्या तळापर्यंत नेलं, म्हणजे पाणी पडल्याचा आवाज होणार नाही. मागच्या बाईनं आपल्या कळशीखाली पदर धरला. भरलेले हंडे हातोहात, जमिनीला न टेकवता, मागं जायला लागले. लेकरं तोंडावर हात ठेवून उभी होती. सगळा टँकर रिकामा होईपर्यंत त्या गल्लीत फक्त पाण्याची बारीक सळसळ होती. मी पुस्तकांतून चमत्कारांबद्दल वाचलं आहे. मी पाहिलेला हा एकच.

सर परत आले, त्यांनी माझ्या हातातून आईचा हात घेतला, तिच्या कानाशी वाकले. नाव, वडिलांचं नाव, मोहल्ला. स्टूल लूनावरच राहिलं होतं. ते जमिनीवर, उलटीशेजारी, मांडी घालून बसले होते.

आईला रुग्णवाहिकेतून नेलं, एक रात्र ठेवलं, प्रेशर उतरलं. आई वाचली. दुसऱ्या दिवशी सकाळी सरांनी मला बाहेर बाकावर बसवलं. मी रागावण्याची वाट बघत होते. मला ते हवंच होतं.

“लेबल तू वाचलंस?”

“हो सर.”

“बरोबर वाचलंस. औषध तेच होतं.”

त्यापेक्षा मारलं असतं तर बरं झालं असतं.

मग आम्ही आत गेलो. आई उशीला टेकून बसली होती. मॅडम होत्या, अप्पा दाराशी उभे होते, बाहेर जावं का आत यावं हे त्यांना कळत नव्हतं. सरांनी स्टूल उघडलं आणि नेहमीचा प्रश्न विचारला. ताई, तिकडं बरं होतं, का इकडं?

आई ह्या वेळी लगेच बोलली. “आधी लई भ्या वाटलं. मग काहीच नव्हतं. मीबी नव्हते. तेच बरं होतं. अजून दे.”

अप्पांचा चेहरा उजळला, कारण आई सलग इतकं बोलली होती. मीही क्षणभर तशीच आनंदले. सरांनी हातातलं आईचं मनगट हळूच चादरीवर ठेवलं. मॅडमकडं पाहिलं. मॅडमनी होकाराची मान हलवली. सर म्हणाले, “हे औषध आता बंद.”

मी त्यांच्यामागं कॉरिडॉरमध्ये धावले. मी त्यांना विनवलं. म्हणाले की सर, चूक माझी आहे, तिला शिक्षा नका देऊ, ह्याच औषधानं ती बोलली होती, हसली होती, दुसऱ्या कशानं नाही. फक्त एकदा. सर थांबले. त्यांचे डोळे लाल होते, रात्रभर ते तिथंच होते हे मला नंतर नर्सनं सांगितलं.

“बेटा, आजवर ती परत येण्यासाठी जात होती. आता ती जाण्यासाठी जायचं म्हणते. तिकडं सोडायला जाणारा माणूस मी नव्हे.”

“मग ती कशानं बरी होईल?”

“मालूम नै,” ते म्हणाले.

वर्गात ज्या शब्दांनी मला धीर यायचा, त्यांचा त्या दिवशी मला इतका राग आला की मी वळून निघून गेले. सरांना नमस्कारसुद्धा केला नाही.

पुढच्या गुरुवारी मी मागच्या बाकावर बसले. सर आले, हजेरी झाली, आणि म्हणाले, “मी तुम्हाला एक वाक्य सांगितलं होतं. सुई टोचणं दहा मिनिटांत शिकवीन असं. ज्यांनी वहीत लिहिलं असेल त्यांनी ते खोडा. ते चूक होतं. सुई आणि बसणं वेगळं काढून सांगायला नको होतं. चूक माझी.” सगळ्यांनी पेन काढले. कुणाला काही कळलं नाही. सरांनी माझ्याकडं एकदाही पाहिलं नाही. मी ते वाक्य खोडलं तेव्हा कागद फाटला.

त्याच संध्याकाळी लूना आमच्या दारात थांबली. सर स्टूल घेऊन आत आले. सोबत औषध नव्हतं, पिशवी नव्हती. आईच्या शेजारी चाळीस मिनिटं बसले, मनगट धरून, आणि गेले. पुढच्या गुरुवारी पुन्हा. मॅडमनी दवाखान्यात दुसरे उपचार सुरू केले होते, गोळ्या बदलल्या होत्या, त्या सांगतील तेव्हा आम्ही आईला नेत होतो, आणत होतो. सरांचं बसणं कुठल्याही कागदावर नव्हतं. अप्पा सुरुवातीला लाजेनं घराबाहेर थांबायचे. एकदा सरांनीच त्यांना हाक मारली आणि मेंढराला पोटफुगी झाली तर तुम्ही काय करता, असं विचारलं. अप्पा अर्धा तास सांगत होते. सर ऐकत होते, लहान मुलासारखे. आईनं भिंतीकडं तोंड ठेवूनच एका ठिकाणी अप्पांची चूक दुरुस्त केली.

हे असं पावसाळाभर चाललं. त्या वर्षी बरा पाऊस झाला. आई कधी बसायची, कधी पडायची. एकदम फरक असा कधीच पडला नाही. पहिल्या वेळेसारखी सकाळ पुन्हा आली नाही. सर शहर सोडून मुलाकडं राहायला गेले तेव्हाही आई बरी झाली असं म्हणता येत नव्हतं. जाताना त्यांनी माझा फोन नंबर एका चिठ्ठीवर मोठ्या आकड्यांत लिहून घेतला.

आई कशानं सुधारली हे मला आजही सांगता येत नाही. मी आता एम. फार्मला आहे, आणि कुणी विचारलं तर मालूम नै म्हणते.

दिवाळीनंतर अप्पा चार मेंढरं घ्यायची म्हणून लासूर स्टेशनच्या बाजाराला निघाले. आई उठली, लुगडं बदललं आणि टेम्पोत जाऊन बसली. कुणी तिला ये म्हटलं नव्हतं. बाजारात एका व्यापाऱ्यानं मेंढी दाखवली, दोन दाती हाय म्हणाला, म्हणजे तरणी. अप्पा पैसे काढायच्या बेतात होते. आईनं पुढं होऊन मेंढीचा जबडा धरला, ओठ वर केला, आत पाहिलं. मग व्यापाऱ्याकडं पाहिलं. आजूबाजूचे चार लोक थांबले.

मी बाजारातूनच सरांना फोन लावला. गोंगाट होता, एका कानात बोट घालून ओरडूनच बोलत होते. सांगितलं की आई व्यापाऱ्याशी भांडतेय.

“काय म्हणाली?” सर म्हणाले. “तिचेच शब्द सांग.”

मी सांगितलं, “ती म्हणाली, दोन दाती म्हणं. आरं, हिनं माझं लगीन बघितलं असंल. मांडवात माझ्या मागंच हुबी व्हती.”

पलीकडून कागदाचा आवाज आला.

“हळू सांग बेटा,” सर म्हणाले. “लिहून घेतोय.”